यशवंत सरांची मुलाखत

पेट्रोलपंपावरच्या दुकानातून प्रताप बाहेर आला तो हॉट चॉकलेटचे दोन कप आणि बगलेत बाळाच्या नॅपीचं पाकीट घेऊन. बायकोचा, चित्राचा, फोन आला होता, "एक साइज मोठ्या आण हं, मागच्या घट्ट होतात." आयर्लंडमधल्या शॅननच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून तो थेट लिमरिकला सरांना न्यायला आला होता. डोळे नुसते मिटत होते.

गाडीत यशवंत सर बसले होते. युनिव्हर्सिटीत कायद्याचे प्रोफेसर, मूळचे नागपूरचे, आणि मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती. तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेले ते पदवीबरोबर धर्मही घेऊन आले. त्या पंथात चहा वर्ज्य, त्यामुळे तेव्हापासून चहाचा थेंब नाही. नातेवाइकांना धर्म बदलल्यापेक्षा चहा सोडल्याचा धक्का जास्त बसला होता.

सरांनी नॅपीचं पाकीट हातात घेतलं, बघितलं आणि मागच्या सीटवर ठेवून दिलं.

"सातला ना मुलाखत?"

"सातला. वेळ आहे, सर."

मॉर्मनांच्या मंदिरात जायचं तर दर दोन वर्षांनी आपल्या चर्चच्या बिशपसमोर बसून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. त्याची सही झाली तरच परवाना. सरांच्या तन्वीचं लग्न पुढच्या महिन्यात इंग्लंडमध्ये, प्रेस्टनच्या मंदिरात होतं. परवाना नसला तर बापानेसुद्धा बाहेर ताटकळत उभं राहायचं.

"प्रामाणिकपणाचा प्रश्न असतोच रे त्यात," सर म्हणाले.

"गाडीत नको, सर."

पण सर आज ऐकणार नव्हते. "गार्डा पोलीस दारात आले. मी सांगितलं, घरात कुणी नाही. नायजेरियाची ती बाई लेकराला घेऊन वरच्या खोलीत होती. वीस वर्षं मी डिपोर्टेशनविरुद्ध लेख लिहिले, मोर्चे काढले, कोर्टात हरलो. कामी आलं ते एवढं एक खोटं."

प्रतापने गिअर बदलला.

"दुसऱ्या दिवशी लेक्चर घेऊन घरी आलो तर खोली रिकामी. कुणी नेलं, मी चौकशी केली नाही. कळलं असतं तर पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं."

प्रतापला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटत होतं. आयुष्यभर लढून हा माणूस दमला होता, आणि आता लेकीचं लग्नही हातचं जायची वेळ आली होती.

"सांगून टाकू म्हणतोस?"

"ते आत गेल्यावर, सर."

चर्चमध्ये हीटिंग नुकतंच सुरू झालं होतं. सर ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर तोंडी परीक्षेला आलेल्या मुलासारखे बसले. प्रतापने कारखान्याचं जॅकेट काढलं, खिशातला टाय बांधला, ऑफिसचं कुलूप उघडलं आणि टेबलामागे बिशपच्या खुर्चीत जाऊन बसला. मॉर्मनांत पगारी पुरोहित नसतो. नोकरी करणाऱ्या कुणाही माणसाच्या गळ्यात हे काम पडतं, तसं ते दोन वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्याला बाप्तिस्मा दिला होता तो मात्र यशवंत सरांनीच.

"या, सर."

एकेक प्रश्न झाला. शेवटी तो आलाच.

"आपल्या व्यवहारात तुम्ही प्रामाणिक आहात का?"

"नाही," सर म्हणाले. गाडीत सांगितलेलं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तन्वीचं नाव काढलं नाही.

प्रतापने परवान्यावर सही केली.

"कीव करून देऊ नकोस, प्रताप."

"कीव नाही, सर. पुढच्या रविवारी डब्लिनला वरिष्ठ हाच प्रश्न मला विचारणार आहेत."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे, मागच्या सीटवरच्या नॅपीच्या पाकिटाकडे गेली. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी प्रताप आणि चित्राला मूल नव्हतं.