शिडांचं कापड

"मधुवंती, नशीब काढलंस गं! सगळ्या जहाजांना तुझंच नाव," शेजारच्या काकू शोकेसच्या काचेला नाक लावून म्हणाल्या.

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या नवऱ्याने, शौनकने, बनवलेली ती छोटी जहाजं होतीही देखणी. सागवानी अंग, बारीक दोर, वाऱ्याने फुगल्यासारखी शिडं. शिडांवरची फुलं माझ्या कुर्त्यांची आहेत, हे कुणालाच ओळखू यायचं नाही. तो मला मारायचा, त्यात कपडे फाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कापडाची शिडं कापून तो नवं जहाज करायला बसायचा. झालं की त्यावर सोनेरी रंगात माझं नाव लिहायचा. माफी म्हणून.

"टेबलावरचं नवीन वाटतं?" काकूंनी विचारलं.

"हो, आत्ताच पूर्ण झालं," शौनक हसत म्हणाला.

मी वाकून पाहिलं. शिडं निळ्या चौकटींची होती, दुसरीतल्या आमच्या लेकीच्या गणवेशाची. खाली सोनेरी रंग अजून ओला होता: 'मनवा'.

शेजारी पडलेली त्याची हातोडी मी उचलली आणि त्याच्याकडे वळले. जहाजाला मात्र धक्काही लागू दिला नाही.