दोन बोटं फेस

पहिला ग्लास नुसता फेसाचा निघाला. दुसराही तसाच. एव्हरेटने तो गवतावर ओतला आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. घरून निघताना बिअर अगदी जमली होती. पण ट्रकमध्ये पिंप रस्ताभर गदगदा हललं, वरून विस्कॉन्सिनमधलं जुलैचं ऊन. त्याने पिंपाभोवती आणखी बर्फ लोटला, बिअर वर ढकलणाऱ्या वायूचा नळ बंद केला, झाकणावरची कडी ओढून कोंडलेला वायू फुस्सकन सोडून दिला. आता धीर धरायचा, दुसरा उपाय नाही.

लेकीचं लग्न होतं, शेतावरच्या जुन्या कोठारात. त्यासाठी वसंतापासून तो घरी ही बिअर बनवण्याच्या मागे होता.

मार्नी कोठारामागे आली, पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून धरत.

"डॅड, एक बोलायचं होतं."

"फेसाचं ना? बसेल खाली. काळजी नको."

"फेसाचं नाही. आत... माझा हात धरून डग चालणार आहे."

डग म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. नवरीला हात धरून वरापर्यंत न्यायचा मान बापाचा.

"शाळेत सोडायला तोच, तापात उशाशी तोच. वाईट वाटून घेऊ नकोस."

एव्हरेट दाबाच्या काट्याकडे बघत राहिला. नळ बंदच होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

"बरोबरच आहे की," तो म्हणाला. "नाहीतरी पिंपापाशी कुणीतरी लागतंच."

"चालेल ना तुला, खरंच?"

"पळ आता. झगा भिजेल इथे."

आत व्हायोलिन सुरू झालं. खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले असणार. एव्हरेटने वायूचा नळ बेताने उघडला, ग्लास तिरका धरला. सोनेरी बिअर शांतपणे चढत आली. वर दोन बोटं दाट फेस. मनासारखा. दाखवायला जवळपास कुणी नव्हतं.

टाळ्या झाल्या, माणसं बाहेर आली. रांगेत पहिली होती निळ्या टोपीतली एक म्हातारी. तिने घोट घेतला, ओठावरचा फेस पुसला.

"अहो, काय जमलीय ही! तुम्ही कुणाकडचे? नवऱ्याकडचे नाही, आमची सगळी मी ओळखते."

"मी होय?" एव्हरेटने पुढचा ग्लास तोटीखाली धरला. "मी बिअरकडचा."

म्हातारी खो खो हसली. काय म्हणाला, काय म्हणाला, असं विचारत मागची रांगही हसू लागली.