धाकटीचं दार

"अगं, हे उघडत का नाही?" बाबांनी मोबाईलवर पुन्हा अंगठा दाबला.

"तो गेम नाहीये, बाबा," थोरली लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. "गेमची नुसती जाहिरात आहे. कितीही दाबा, उघडणार नाही."

बाबांना ते पटलं नाही. त्यांनी धाकटीच्या गेमची ती जाहिरात पहिल्यापासून लावली. एक मुलगी पाठमोरी चालत येते, लाकडी दारापाशी थांबते, कडीला हात घालते आणि पडदा काळा होतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'लवकरच'. बस्स, एवढंच. पडदा काळा व्हायच्या आत दार उघडायची बाबांची धडपड चालली होती. दार त्यांचंच होतं ना! त्यांच्या सुतारकामाच्या दुकानाचं, जे बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. खालच्या फळीला मारलेला जोडसुद्धा धाकटीने सोडला नव्हता.

सकाळपासून फोन थांबत नव्हता. मामा, आत्या, खालच्या मजल्यावरचे काका, जो तो धाकटीच्या गेमबद्दल विचारत होता. जाहिरातीखाली हजारो अनोळखी लोक बदाम टाकत होते. थोरलीही गेमच बनवते, धाकटीच्या कितीतरी आधीपासून, हे एकालाही आठवलं नाही. आठवणार कसं? काम पुरं झाल्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही, हा बाईसाहेबांचा बाणा. दोघी त्याच दुकानात भुशात खेळून वाढलेल्या, त्यामुळे तिच्याही गेममध्ये तेच दुकान होतं. फरक इतकाच की हिचं दार उघडायचं. कडी काढली की बिजागरी कुरकुरायची, आत भिंतीवर रंधे ओळीने टांगलेले असायचे, करवत चालवली की भुसा जमिनीवर पडायचा. सगळं केव्हाच तयार होतं. तरी ती खिडकीतली उन्हाची तिरीप आणखी जरा नीट करत बसली होती. आणि मधल्यामध्ये नुसतं दार दाखवून धाकटीने बाजी मारली होती. थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कसलं आहे हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

धाकटी चहाचे कप घेऊन आली. मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. "हो मावशी, हो हो, लवकरच!" म्हणत तिने तो एकदाचा खाली ठेवला.

"लवकरच म्हणजे कधी?" थोरलीने विचारलं.

"तारीख ठरली नाही गं अजून."

"साल तरी?"

"तेही नाही."

"आणि दाराच्या आत काय आहे?"

धाकटीने बाबांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू, ताई? काहीच नाही. भिंतीसुद्धा नाहीत. नुसतं दार उभं केलंय."

"म्हणजे बाजारात तुरी!"

"असू देत की. लोक वाट तर बघतायत. तू कुणाला वाटसुद्धा बघू देत नाहीस." ती हसली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि ती तो घेऊन आत पळाली.

ते हसणं थोरलीला फार झोंबलं. तिने लॅपटॉप टेबलावर पुढे सरकवला.

"बाबा, इकडे या. दाराच्या आत काय आहे ते बघायचंय ना?"

बाबा चष्मा पुसत येऊन बसले. तिने माउस त्यांच्या हातात दिला. "हं, कडी काढा."

बिजागरी कुरकुरली. दार उघडलं. बाबा दचकलेच. मग धडपडत, कुठे टेबलाला कुठे भिंतीला धडकत, ते दुकानभर फिरले. "ही माझी पटाशी," ते पुटपुटले. "आणि हे लंगडं स्टूल! हेसुद्धा ठेवलंस?" त्यांचे डोळे भरून आले. थोरलीने आतल्या खोलीकडे मान वळवली. आत्ता धाकटीने बाहेर यायला हवं होतं. बाबांचा हा चेहरा तिने बघायला हवा होता.

"हुबेहूब," बाबा म्हणाले. "एक खिळा इकडचा तिकडे नाही. कमाल केलीस, पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मग ते उठले, आपल्या खुर्चीत जाऊन बसले, उरलेला चहा प्यायले आणि मोबाईल हातात घेतला.

"आता परत काय बघताय?" थोरलीचा आवाज चढला. "आतलं सगळं दाखवलं ना तुम्हाला?"

"ते आपलं दुकान झालं गं. ते मला डोळे मिटूनही दिसतं." बाबांनी मोबाईल नाकाजवळ धरला. "पण हिच्या दाराआड काय असेल?"

थोरलीने सांगायला तोंड उघडलं.

"थांब, थांब," बाबा अंगठा सरसावत म्हणाले. "आली बघ दारापाशी."