संघाच्या किल्ल्यावर

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, राजापेठेतल्या एका स्पर्धा परीक्षा वर्गाच्या ऑफिसात हवालदार देवीदास यांनी टेबलावर कागद ठेवला. ठाण्यात आलेल्या तक्रारीच्या अर्जासोबतचा, मोबाइलच्या पडद्याचा फोटो त्यावर छापलेला होता. समोर इतिहास शिकवणारे तनवीर सर बसले होते. वर्गाचे मालक खुशालराव दाराशी उभे.

"हा मेसेज तुमचाच ना?"

"माझाच."

देवीदास यांनी तो मोठ्यानं वाचला. "बारा एप्रिल, पहाटे साडेचार. संघाच्या किल्ल्यावर पहिला गोळा. तिथून यादवी. कोणीही गैरहजर राहू नये." त्यांनी मान वर केली. "बारा तारीख म्हंजे परवा. कोणता संघ?"

"अमेरिकेतला. संघराज्य. लांबतं म्हणून संघ लिहिलं. अठराशे एकसष्टची गोष्ट आहे. रविवारी सातला तास आहे, त्याला बोलावलं."

"अन् यादवी?"

"आपसातलं युद्ध. उत्तरेकडची राज्यं एकीकडे, दक्षिणेकडची दुसरीकडे."

"काहून?"

"माणसं गुलाम म्हणून ठेवायची की नाही, यावरून."

"मंग इथं काहून सांगून राहिले?"

"परीक्षेत येतं."

खुशालरावांनी कपाटातून पुस्तक काढून पान उघडून दिलं. देवीदास यांनी ओळींवरून बोट फिरवलं. "साल आहे. किल्ला आहे. साडेचार कुठी आहे?"

"ते मी दुसरीकडून घेतलं."

"पुस्तकवाल्याले नाही लागलं, तुमाले काहून लागलं?"

नेमकी वेळ सांगितली की मुलांच्या लक्षात राहतं, ही सरांची पद्धत होती. त्यांनी आपला फोन काढून मेसेज दाखवला. वर आणखी एक ओळ होती: 'रविवारचा धडा, अमेरिका, १८६१.'

"ही ओळ कागदावर नाही," देवीदास म्हणाले.

"आधी राहिली होती. संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी मेसेज टाकला. चारेक मिनिटांनी ओळ घातली."

"म्हंजे मागून घातली."

"हो."

खुशालरावांनी कपाळाला हात लावला. "सर, हे सांगाचं होतं काय?"

देवीदास यांनी जबाब लिहायला घेतला. 'संघ म्हणजे अमेरिकेतील राज्ये, असे ते सांगतात.' सरांनी समोरून उलटं वाचलं.

"'असे ते सांगतात' काढता येईल का? ते तसंच आहे."

"असंन. मी थोडीच गेलो होतो तिथं."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. फोटोच्या वरच्या कोपऱ्यातल्या वेळेवर बोट ठेवलं. पाच चौदा. "अर्जावर नाव नाही. पण पाच चौदाच्या आत मेसेज ज्यानं वाचला, त्यानंच हा फोटो काढला. कोणी कवा वाचलं, ते तुमच्या फोनात दिसते. नाव सांगा. त्याले बोलावतो, त्याचा जबाब घेतो, तुमचं इथंच मिटवतो. नाही तर चौदा तारखेचा बंदोबस्त आहे. कागद तसाच वर जाईन."

"साहेब," खुशालराव म्हणाले, "नव्या बॅचचा बोर्ड आज छापाले जाते. सरांचं नाव ठेवू का?"

"ते तुमचं तुमी पाहा."

वर्गाच्या मोबाइलवरच्या गटात बेचाळीस मुलं होती. सरांनी मेसेजवर बोट दाबून धरलं. यादी उघडली. पाच चौदाच्या आत तीन नावं होती. एक जण तासानंतर त्यांना अकोल्याच्या गाडीसाठी बडनेरा स्टेशनवर सोडायचा. एकीला मागच्या सराव परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण होते. तिसऱ्याच्या घरी त्यांनी ईदचा शिरखुर्मा पाठवला होता.

"काय दिसते?"

सरांनी फोन बंद केला. "वेळ दिसत नाही."

"तारीख, वेळ, सगळं मिनिटावर सांगणारा माणूस तुमी," देवीदास म्हणाले. "इथंच दिसत नाही?"

"नाही दिसत."

देवीदास यांनी फोनकडे पाहिलं, मग सरांकडे. फोन मागितला नाही. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. 'वेळ दिसत नाही, असे ते सांगतात.' सरांनी या वेळी काही बदलायला सांगितलं नाही. सही केली.

अर्जाची चौकशी अजून चालू आहे. शनिवारी लागलेल्या नव्या बोर्डावर इतिहासापुढची जागा कोरी आहे.

रविवारी सात वाजता सरांचा तास झाला. यादीतली ती तिघंही पहिल्या बाकावर होती.