आडवा उजेड

फोटो १. काळ्या ब्लाउजपीसवर बंदूक. खिडकीतून येणारं ऊन अजून उंच. सपाट आला. पुसला.

"ताई, तुमच्या पेजवरच्या बंदुका बघून खेळण्यातल्या हायेत म्हणून कुणी म्हणणार नाय," सत्यम म्हणाला. "माझी बी तशीच दिसली पायजे. आज खंडेनवमी. आजच टाकायचाय फोटो."

मंजुषा सुट्टीच्या दिवशी बजाजनगरमधल्या आपल्या खोलीत एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांचे फोटो काढायची. छंद म्हणून. पेजवर तिचं नाव नव्हतं. नुसतं 'छर्रा'. सत्यम कन्नड तालुक्यातून दोन तास मोटरसायकल चालवून आला होता.

फोटो ४. नळी जवळून. काळ्या रंगाचे ओघळ दिसले. पुसला.

"स्प्रे मारलाय?"

"दोनदा. टोक नारंगी होतं, लेकराच्या पिचकारीवानी. आता बघा."

"टाकायचा कुठं?"

"पाणंदीच्या ग्रुपवर. शेताकडं जायच्या वाटेचा ग्रुप हाय आमचा. त्यात एक म्हातारा हाय, कारभारी म्हणून. त्याच्या रानाकडली वाट मी नांगरली, तर तहसीलला अर्ज करतो म्हणाला. मागल्या म्हैन्यात ही नुसती दाखवली त्याला. काय सांगू ताई! डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायावर ठेवली. निंदणाऱ्या बाया बघत होत्या. लई मजा." तो हसला. "आता परत अर्जाचं काढलंय. फोटो बघितला की बसंल गप."

फोटो ७. हलला.

टोपी वाऱ्याने उडाली, असं तिच्या वडिलांनी, अण्णांनी, तिला फोनवर सांगितलं होतं. तिनेच नवी पाठवली होती. तिने गाव सोडलं तेव्हा हा सत्यम शाळकरी पोर असेल.

फोटो ८, ९, १०, ११, १२. तेही हलले. पुसले.

"हिची पूजा केली का?" मंजुषाने विचारलं.

"अं?"

"खंडेनवमीचा फोटो म्हणता. शस्त्राला हळदकुंकू नको?"

"व्हय की! माझ्या ध्यानातच नाय. लावा, लावा."

तिने स्वयंपाकघरातून हळद आणली. कोरडीच. चिमूटभर घेऊन अंगठ्याने बंदुकीच्या कुशीवर चोळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग फडक्याने वरवर पुसली. कंपनीत ती प्लास्टिकचे पार्ट तपासायची, तेव्हा खडूची पूड अशीच चोळायची. वरची पुसली जाते, खाचेतली राहते. साच्याची केसाएवढी रेघसुद्धा सापडते.

दोन थर रंगाखाली बुजलेली अक्षरं पिवळी होऊन वर आली. इंग्रजी. मोहरीएवढी. तिने ती एकदा वाचली, परत वाचली, आणि मुठीवर कुंकवाचं बोट ओढलं. शेजारी झेंडूचं फूल ठेवलं.

"आता थांबायचं," ती म्हणाली. "ऊन खाली येऊ द्या. आडव्या उजेडात काही लपत नाही."

"भारी माहिती हाय तुम्हाला!"

ऊन खाली आलं.

फोटो १३. हा तिने पुसला नाही.

सत्यमने कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तो पाहिला. "आयला! कशी पिवळी चमकतीय. देवाची वाटतीय!"

"मूळ फाइल देते. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. नाहीतर व्हॉट्सॲप बारीक काम खाऊन टाकतं."

"तुमच्यासमोरच टाकतो." त्याने टाइप केलं: पाणंदवाल्यांनो, खंडेनवमीच्या शुभेच्छा.

"बसा," मंजुषा म्हणाली. "चहा टाकते."

चहा निम्मा झाला तेव्हा फोन वाजला. "पुंडलिकमामाचा अंगठा," सत्यम म्हणाला. पुन्हा वाजला. त्याने वाचलं आणि कप खाली ठेवला. मग फोन वाजतच राहिला. गडबडीत त्याचं बोट कुठल्या तरी व्हॉइस मेसेजवर पडलं आणि खोलीत एका म्हातारीचा आवाज भरला.

"सत्यमबाबा, मी भागूबाई. आमची रूपा फोटू मोठा करून वाचून दाखवतीया. चौदा वर्सांच्या आतल्यांनी मोठ्या माणसासमोरच खेळायची, आसं लिव्हलंय म्हणं तुझ्या बंदुकीवर. कुणी हाय का रं बाबा तुझ्याजवळ, मोठं माणूस?" मागे बायांचा हशा. तो संपायच्या आत मेसेज संपला.

"मी आहे, म्हणून सांगा," मंजुषा म्हणाली.

सत्यमने वर पाहिलं.

"ताई, तुम्ही मुद्दाम..."

"कारभारींची धाकटी लेक मी."

तो बंदूक उचलून शर्टाखाली खोचायला गेला, मग शर्ट पिवळा होईल म्हणून की काय, हातातच धरून निघाला. जिना उतरेपर्यंत त्याचा फोन वाजत होता. खाली खेळणाऱ्या पोरांनी त्याला विचारलेलं तिला खिडकीतून ऐकू आलं, "काका, कितीला घेतली?"

फोटो नाही.

अण्णांचा फोन पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"अण्णा! पाहिला?"

"पाहिला. पारावरच होतो. रूपानं दाखवला."

"सगळे हसले ना?"

"हसले. लई हसले त्याला." मागे खरंच हसणं चाललं होतं. मग ते हळूहळू कमी झालं, कुणीतरी कुणाला गप करावं तसं.

"अण्णा?"

"आधी त्याला हसले," अण्णा म्हणाले. "मंग समद्यांनी माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं."