आवाज बंद करून द्या

“मोहन, तार काट दो और आवाज बंद करो. इतनाच काम है,” वेणीमाधव गुरुजी गाडीत बसल्या बसल्या म्हणाले. काशीच्या ब्रह्मा घाटावर जन्म गेला, तरी त्यांच्या हिंदीतला ‘च’ काही सुटला नव्हता.

स्टिअरिंगशी त्यांची लेक रुचा होती. दसऱ्याला घेतलेली तिची नवी गाडी दहा दिवस टिंगटिंग करत होती. डाव्या सीटवर कोणीही बसा, पट्टा लावा, तरी समोर लाल दिवा आणि कानाशी आवाज. सेन्सर बिघडलाय, असा घरातल्या सगळ्यांनी मिळून निकाल दिला होता. आपल्याविरुद्ध कोणी बोललं की तोच बिघडलेला, ही रीत काही गाडीपुरती नाही म्हणा.

मैदागिनच्या गॅरेजात मोहन वीस वर्षं गाड्या उघडत होता. त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली.

“काट दूँगा, गुरुजी. दो मिनट का काम है. पहले देख तो लूँ, चिल्ला काहे रही है.”

“अरे, पट्टा लगा तो है! ये देखो.” गुरुजींनी पट्टा ओढला आणि बक्कलमध्ये खुपसला.

मोहननं कान दिला. “खट तो बोला ही नहीं,” असं म्हणून त्यानं गुरुजींच्या छातीवरचा पट्टा धरला आणि जोरात हिसका दिला.

अख्खा पट्टा त्याच्या हातात आला.

गुरुजींनी स्वतः पुन्हा लावला. पुन्हा हिसका, पुन्हा हातात. तिसऱ्यांदा लावायला त्यांचा हात धजेना.

“बाबा,” रुचाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काल आई इथंच बसली होती. रिंग रोडला मी नव्वदनं चालवत होते. ती म्हणत होती, केवढं गं हे टिंगटिंग. मी वरून गाणी लावली.”

“सेंसर एकदम ठीक है, दीदी,” मोहन म्हणाला. “सच बोल रहा था बेचारा.”

त्यानं बारीक आकडा बक्कलमध्ये घातला, जरा फिरवला आणि आतून काहीतरी तळहातावर काढलं. तांदळाचे चार दाणे. हळदकुंकवात माखलेले, त्यातला एक खटक्याखाली सापडून चपटा झालेला.

“ई त चावल है! किसने डाला, गुरुजी?” मोहनला हसू आलं.

नारळ, लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, हे सगळेच भटजी करतात. पट्ट्याची पूजा मात्र वेणीमाधव गुरुजीच करायचे. पट्टा म्हणजे रक्षासूत्र, असं समजावून सांगून ते प्रत्येक बक्कलमध्ये चिमूटभर अक्षता सोडायचे. यजमान खूश व्हायचे. हे दुसऱ्या कोणाला सुचलं नाही याचा गुरुजींना थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला.

“मीच,” गुरुजी म्हणाले. मोहनला मराठी कळत नव्हती, पण त्याचं हसू थांबलं.

आणि एकदम गुरुजी ओरडले, “अगं, विश्वेश! विश्वेशला फोन लाव!”

बँकेतला विश्वेश आज सकाळीच नव्या गाडीची पूजा करून नागपूरला निघाला होता. सोबत बायको आणि सहा वर्षांची देवश्री. लांबचा प्रवास म्हणून गुरुजींनी अक्षता जरा जास्तच घातल्या होत्या.

रुचानं फोन स्पीकरवर टाकला. घंटी वाजत राहिली. गुरुजींचे ओठ हलत होते, पण कुठलाच मंत्र धड आठवेना.

“नमस्कार, गुरुजी!” विश्वेशचा आवाज आनंदानं भरलेला. “मिर्झापूर मागे टाकलं, आता घाट लागलाय. गाडी अशी मस्त पळतेय!”

त्याच्या मागे ऐकू येत होतं, टिंग, टिंग, टिंग.

“विश्वेश, तो आवाज कसला?”

“काही नाही हो, पट्ट्याचा सेन्सर खराब निघाला. नागपूरला पोहोचलो की तार कापून घेतो. आणि तुमच्या अक्षता आहेत ना पट्ट्यात, मग भीती कसली!”

“थांबव! गाडी कडेला घे! आधी थांबव!”

रुचानं बाबांना असं किंचाळताना जन्मात ऐकलं नव्हतं. पलीकडे करकचून ब्रेक लागला. टिंगटिंग बंद झालं.

“थांबवली. काय झालं, गुरुजी?”

“तिघांचेही पट्टे लावलेलेच ठेव, आणि एकेक जोरात ओढून बघ. जोरात.”

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला, मग काही खुडबुड. मोहननं शेजारच्या पोराला कॉम्प्रेसर बंद करायची खूण केली. गुरुजी फोनकडे टक लावून बसले होते.

“माझा पक्का आहे,” विश्वेश म्हणाला. “हिचाही पक्का आहे.”

मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

“गुरुजी, देवश्रीचा माझ्या हातात आला.”

गुरुजींनी डोळे मिटले आणि उघडले. “तिला दुसऱ्या जागी बसव, पट्टा ओढून बघ, मगच गाडी हलव. त्या माझ्या अक्षतांनी झालंय, बाळा. तुझ्या सेन्सरचा काही दोष नाही.”

फोन बंद झाला. गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं. दसऱ्यापासूनच्या पानांवर जिथे जिथे गाडीची पूजा, तिथे त्यांच्या अक्षरात यजमानाचं नाव होतं. त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

“रुचा, लाव. अजून अकरा आहेत.”