वर्तुळात खोटं चालत नाही

मिठाने आखलेल्या वर्तुळात मी पाऊल टाकणार, तोच ताईंनी हात आडवा धरला. निसर्ग पूजणाऱ्या विक्का पंथाची दीक्षा त्याच देत.

"वर्तुळात खोटं चालत नाही. देवी आहे, असं मानतोस ना?"

"नाही. पण चंद्र मानतो, ऋतू मानतो. वर्षभर एकही विधी चुकवला नाही."

"मग ट्रेकिंगच्या ग्रुपला जा की रे!" सगळे हसले. मी बाजूला झालो.

माझ्यामागे मृण्मयी होती. 'देवी मीही मानत नाही,' असं ती कालच चहा पिताना मला म्हणाली होती.

"मानते," ती शांतपणे उत्तरली. ताईंनी तिला मिठी मारून आत घेतले.

एका वाक्यात मी तिला बाहेर आणू शकलो असतो. मी गवतात चपला शोधू लागलो.